जुन्या खेळाडूला टीममध्ये ठेवायचं की थांबवायचं : ठरवायचं कसं आणि सांगायचं कसं

आमच्या क्रिकेट क्लबला एक विकेटकीपर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. २१ सीझन कांगा लीग खेळले. ज्यांनी कांगा बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही मुंबईची पावसाळ्यातली लीग आहे, १९४८ पासून चालू आहे, विकेट ओली असते, एक बॉल घोट्याएवढा राहतो आणि पुढचा नाकासमोरून जातो, आणि अशा विकेटवर हा माणूस स्टंप्सच्या मागे वाकून उभा असायचा. उजव्या हाताची करंगळी मधल्या पेरात कायमची वाकडी. मॅच संपली की ग्लोव्हजच्या आतले इनर तंबूच्या दोरीवर वाळत टाकायचे आणि पोरांना चहा मिळेपर्यंत स्वतः कप उचलायचे नाहीत.

एका शनिवारी रात्री साडेदहाला आम्ही ग्रुपवर रविवारची टीम टाकली आणि त्यात अण्णांचं नाव नव्हतं. फोन कोणीच केला नव्हता. मी निवड समितीत होतो, मला वाटलं कॅप्टन करेल, कॅप्टनला वाटलं सेक्रेटरी करतील, सेक्रेटरींना वाटलं ग्रुपवर टाकलंय म्हणजे कळेलच. अण्णांनी रात्री फोन बघितलाच नव्हता. सकाळी साडेआठला खांद्यावर कीट घेऊन मैदानात आले तर १९ वर्षांचं पोरगं पॅड बांधत बसलेलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं, त्याचे इनर फाटलेले दिसले, बॅग उघडून स्वतःची नवी जोडी त्याला दिली, "ओले झाले की पिळू नको, तसेच वाळव" एवढं बोलले आणि स्टेशनच्या दिशेने चालायला लागले.

त्यांना वगळायचा निर्णय बरोबर होता, हे मी आजही म्हणतो. आम्ही चुकलो ते बाकी सगळ्यात. त्यानंतर आमच्या क्लबमध्ये चार-पाच सीनियर थांबले आणि दर वेळी आम्ही थोडं थोडं शिकलो, तेच इथे लिहितोय. तुम्ही एखाद्या क्लबची, मंडळाची, कबड्डी संघाची किंवा ऑफिसच्या टीमची निवड करत असाल तर उपयोग होईल. आयपीएल, रणजी आणि प्रो कबड्डीतली उदाहरणं घेतलीत कारण ती सगळ्यांनी बघितलेली आहेत.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा

टीमने जुन्या खेळाडूशी निष्ठा ठेवायची का, यावर दर वर्षी भांडणं होतात आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. एकजण म्हणतो त्याने एवढं दिलं, त्याला काढताच कसं, दुसरा म्हणतो खेळ हा खेळ आहे, कामगिरी नाही तर जागा नाही. माझ्या मते दोघांचंही खरं आहे, फक्त दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. अकरातली जागा कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेली नसते, ती दर सीझनला नव्याने मिळवायची असते आणि ज्याने २० वर्षं खेळलंय त्याला हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. पण माणूस आपला असतो. त्याला खरं सांगणं, वेळेवर सांगणं, तोंडावर सांगणं, आणि खेळणं थांबल्यावरही क्लबचं दार त्याच्यासाठी उघडं ठेवणं, हे आपण त्याचं देणं लागतो. त्यात काटकसर करायची नाही.

एकदा हे वेगळं केलं की निर्णय घ्यायला हात थरथरत नाहीत.

वय बघू नका, स्कोअरबुक काढा

मीटिंगमध्ये पहिलं वाक्य हमखास येतं, "त्यांचं वय किती झालं आता?" तिथेच थांबवा. वसीम जाफर मुंबईकडून वर्षानुवर्षं खेळून विदर्भाला गेला, आणि २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षं विदर्भाने रणजी जिंकली, दुसऱ्या वर्षी तर त्याने हजाराच्या वर रन केले आणि तेव्हा तो चाळिशीचा होता. वयाचा दाखला बघून निवड केली असती तर तो घरी बसला असता.

मागच्या दोन सीझनची स्कोअरबुकं काढा आणि दोघांनी बसून वाचा. नुसती अॅव्हरेज नको, ती फसवते, एका नॉटआउट सत्तरवर वर्षभर जगता येतं. बॅट्समन कसा आउट झालाय ते बघा. सरळ बॉलवर बोल्ड आणि एलबीडब्ल्यू वाढले असतील तर पाय हलत नाहीयेत, फटका मारताना कॅच गेले असतील तर ते वेगळं प्रकरण. कीपरचे बाय, म्हणजे त्याच्याकडून निसटलेल्या बॉलवर गेलेले रन, मोजा, अण्णांचे आम्ही मोजले तेव्हा लेगसाइडचे बाय आधीच्या वर्षाच्या दुप्पट निघाले, म्हणजे डावीकडे जाताना गुडघा साथ देत नव्हता, आणि हे आम्हाला मैदानावर दिसूनही बोलायची हिंमत नव्हती. बॉलरचा पहिला स्पेल नाही, शेवटचा स्पेल बघा. कबड्डीत रेडरच्या नुसत्या पॉइंटकडे बघू नका, किती वेळा तो हात न लावता परत आला आणि डू ऑर डाय रेडला, म्हणजे पॉइंट घ्यावाच लागतो नाहीतर आउट अशा रेडला, काय केलं ते बघा. आणि एक साधी खूण, जी पुस्तकात येत नाही : फिल्डिंग लावताना कॅप्टनला त्या खेळाडूला कुठेतरी लपवावं लागतंय का? लागत असेल तर सगळ्या टीमला ते कळलेलं असतं, फक्त कोणी बोलत नसतं.

आकडे वाचून झाले की मग आकड्यांच्या पलीकडे बघा. श्रीलंकेचा फास्ट बॉलर लसिथ मलिंगाचं सांगतो. २०१८ च्या लिलावात त्याला कोणीच घेतलं नाही, मुंबई इंडियन्सनेही नाही. पण मुंबईने त्याला वाऱ्यावर सोडलं नाही, बॉलिंग मेंटॉर म्हणून डगआउटमध्ये घेतलं. पुढच्या लिलावात तो २ कोटींना परत खेळाडू म्हणून आला. आणि मग १२ मे २०१९, हैदराबाद, चेन्नईविरुद्ध फायनल. मलिंगाच्या पहिल्या तीन ओव्हरमध्ये ४२ रन गेले होते, सोळाव्या ओव्हरमध्ये तर एकट्या २०. कुठल्याही हिशेबाने त्याला शेवटची ओव्हर द्यायला नको होती. कॅप्टन रोहितने दिली. चेन्नईला ९ रन हवेत, त्यांचा वॉटसन ८० वर खेळतोय, तो चौथ्या बॉलला रनआउट झाला, शेवटच्या बॉलवर २ हवेत, आणि मलिंगाने हळू यॉर्कर टाकला, शार्दुल एलबीडब्ल्यू. १ रनने कप. तो बॉल मी किती वेळा बघितलाय याला गणती नाही. त्या आधीच्या तीन ओव्हर स्कोअरकार्डवर आहेत, पण असा बॉल टाकायला लागतं ते डोकं स्कोअरकार्डवर दिसत नाही. तुमच्या सीनियरकडे असं काही आहे का, आणि टीमला त्याची गरज आहे का, हे प्रामाणिकपणे विचारा. फक्त "अनुभव आहे" एवढं उत्तर चालणार नाही, अनुभव नेमका कुठे वापरणार ते सांगता यायला हवं.

बेंचवर कोण बसलंय?

सीनियरला ठेवायचं म्हणजे कोणाला तरी बसवायचं. त्याचं नाव कागदावर लिहा. खरंच लिहा, कारण जुन्या माणसाचा चेहरा डोळ्यासमोर असतो आणि बसलेल्या पोराचा नसतो.

प्रो कबड्डीत यू मुंबाने अनुप कुमारच्या कॅप्टनशिपखाली पहिल्या तीनही सीझनला फायनल गाठली, २०१५ ला जिंकली, पाच सीझन तो मुंबईचा चेहरा होता. २०१८ ला तो जयपूरकडे गेला आणि त्याच सीझनमध्ये डिसेंबरला निवृत्त झाला. आम्हा मुंबईकरांना त्याला दुसऱ्या जर्सीत बघणं जड गेलं, अजून जातं. पण त्याच वर्षी यू मुंबाकडून चंदगडचा सिद्धार्थ देसाई उतरला, लिलावात ३६.४ लाखांना घेतलेला, आणि पहिल्याच सीझनला २१८ रेड पॉइंट घेऊन बसला. जागा झाली म्हणून तो दिसला. आणि पुढच्याच लिलावात तो १.४५ कोटींना तेलुगू टायटन्सकडे गेला! म्हणजे जुना गेला, नवाही राहिला नाही. त्यामुळे "नव्या पोरासाठी केलं" असं म्हणताना नवं पोरगं आपल्याकडे किती दिवस आहे, हेही विचारात घ्या.

उलट बाजूला चेन्नई. २०२५ साठी त्यांनी धोनीला अनकॅप्ड, म्हणजे भारताकडून न खेळणाऱ्या, खेळाडूच्या नियमात ४ कोटींना ठेवलं. पैशांच्या हिशेबाने हुशारी होती, मनाने तर होतीच. पण मार्चमध्ये चेपॉकवर बंगळुरूविरुद्ध तो नवव्या नंबरवर आला आणि तोवर मॅच हातातून गेलेली होती, नंतर कोच फ्लेमिंगनेही सांगितलं की गुडघा पूर्वीसारखा नाही, दहा ओव्हर पळत बॅटिंग करणं जमत नाही. पुढे कॅप्टन ऋतुराज जखमी झाला, कॅप्टनशिप परत धोनीकडे आली आणि चेन्नई १४ पैकी ४ मॅच जिंकून तळाला राहिली. ते काही एकट्या धोनीमुळे झालं नाही, पूर्ण टीमच बसली नव्हती. माझा मुद्दा वेगळा आहे, सीनियरला ठेवताना तो काय करणार आणि काय करणार नाही हे ठरलेलं नसेल तर सगळी टीम त्याच्या गुडघ्याभोवती रचावी लागते. ठेवायचं तर काम नेमकं ठरवून ठेवा : चार ओव्हर, की फक्त मोठ्या मॅच, की पोरगं परीक्षेला गेलं की बदली.

सांगायचं कधी

सीझन सुरू व्हायच्या किमान दोन महिने आधी. कांगासाठी म्हणजे एप्रिल-मे. माणसाला दुसरा क्लब बघायचा असेल तर त्याला वेळ मिळतो, फिटनेसवर काम करून तुम्हाला खोटं ठरवायचं असेल तर तेही करता येतं, आणि असं कोणी खोटं ठरवलं तर आनंदाने परत घ्या. सीझनच्या मध्ये वगळायची वेळ आलीच तर शुक्रवार संध्याकाळच्या आत. टीम जाहीर व्हायच्या आधी त्याला माहीत असलं पाहिजे, यात तडजोड नाही.

जाहीर करण्याची पद्धत किती महाग पडते ते मुंबई इंडियन्सने बघितलं. पाच कप जिंकून देणाऱ्या रोहितच्या जागी हार्दिकला कॅप्टन केल्याची बातमी १५ डिसेंबर २०२३ ला आली. पुढचा विचार करणं हे फ्रँचायझीचं कामच आहे, मला त्यात गैर वाटत नाही. पण लोकांना दहा वर्षं कॅप्टन असलेल्या माणसाला निरोप द्यायची एकही संधी मिळाली नाही, थेट नवीन नाव समोर आलं. आणि त्याचा राग निघाला हार्दिकवर, वानखेडेवर टॉसला स्वतःच्या घरच्या मैदानावर त्याची हुर्यो उडवली गेली, एप्रिलमध्ये राजस्थानविरुद्ध कॉमेंटेटर संजय मांजरेकरला माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. टीम २०२४ ला शेवटची आली. जुन्याला नीट निरोप दिला नाही की त्याचा फटका नव्याला बसतो.

सांगायचं कसं

दोघांनी जा. एक कॅप्टन, दुसरा त्याच्या बरोबरीने खेळलेला कोणीतरी. कमिटीचे सातजण घेऊन जाऊ नका, ती चौकशी वाटते. फोनवर नाही, ग्रुपवर नाही, मॅच संपल्यावर तंबूत सगळ्यांसमोर नाही, आणि दारू घेऊन तर अजिबात नाही, दुसऱ्या दिवशी कोण काय बोललं हे कोणालाच आठवत नाही. त्याच्या घराजवळ, चहा घेत, निवांत वेळ काढून.

पहिल्या दोन वाक्यांत मुद्दा सांगा. हवापाण्याच्या गप्पा मारत अर्धा तास घालवला तर समोरच्याला कळलेलं असतंच आणि तो अर्धा तास त्याला छळतो. आम्ही आता साधारण असं बोलतो : "अण्णा, यंदा कीपिंग पोराकडे देतोय. मागच्या दोन वर्षांचं पुस्तक घेऊन आलोय, तुम्हीही बघा. तुम्हाला वाटत असेल आम्ही चुकतोय तर सांगा, ऐकायलाच आलोय." मग गप्प बसा. खरंच गप्प. तो चिडेल, किंवा हसून उडवेल, किंवा म्हणेल मला माहीतच होतं, तुम्ही भरून काढायला बोलू नका.

काय बोलायचं नाही तेही सांगतो. "तुम्हाला आराम देतोय" नको, त्याने आराम मागितलेला नाही. "वरून आलंय" नको, वर कोणीच नाही, तुम्हीच आहात. "पुढच्या वर्षी बघू" हे तर सगळ्यात वाईट, बघणार नसाल तर बोलू नका, माणूस वर्षभर त्या वाक्यावर पहाटे उठून पळत राहतो. आणि "लेजंड आहात तुम्ही" वगैरे त्या दिवशी नको, ते निरोपाच्या दिवसासाठी ठेवा.

पुढचं काम देणार असाल तर खरं द्या

कायरन पोलार्ड २०१० पासून मुंबई इंडियन्सकडून खेळला, २०२२ च्या शेवटी थांबला तेव्हा त्याने सरळ सांगितलं की मुंबईकडून खेळणार नसेन तर मुंबईविरुद्धही खेळणार नाही, आणि लगेच बॅटिंग कोच झाला. ते खरं काम होतं. आपल्याकडे मात्र "मार्गदर्शक" म्हणून लेटरहेडवर नाव छापतात आणि नेट्सला बोलवायला विसरतात. त्यापेक्षा नाव नका छापू. वार ठरवून द्या, जबाबदारी ठरवून द्या, गुरुवारी संध्याकाळी दोन कीपर पोरं तुमच्याकडे, त्यांच्या निवडीत तुमचा शब्द मोजला जाईल, असं. येण्याजाण्याचा खर्च क्लबने द्यायचा, त्यात लाजायचं काय.

काहींना हे नको असतं, त्यांना खेळायचंच असतं. मग एनओसी, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून खेळायला ना-हरकत पत्र, त्याच आठवड्यात द्या, महिनाभर अडवून ठेवू नका, आणि तो समोरच्या टीमकडून आला तर टाळ्या वाजवा. २०११ च्या लिलावात केकेआरने, म्हणजे कोलकात्याच्या आयपीएल टीमने, गांगुलीला घेतलं नाही, तेव्हा कोलकात्यात "नो दादा, नो केकेआर" असे फलक लागले. मे २०१२ मध्ये तो पुण्याचा कॅप्टन म्हणून ईडनवर आला आणि स्टेडियम अर्धं अर्धं वाटलं गेलं, घरच्या टीमसमोर लोक पाहुण्या कॅप्टनचं नाव घेत होते. आणि त्याच महिन्यात केकेआरने पहिला कप जिंकला. त्याला घेतलं नाही याचं दुःखही खरं आणि जिंकले तेही खरं. कोलकात्याच्या लोकांनी दोन्ही केलं, रडलेही आणि नाचलेही.

शेवटची मॅच

जमत असेल तर द्या, पण उपकार म्हणून नाही. माझ्या डोळ्यासमोर कायम मुंबईचा फास्ट बॉलर धवल कुलकर्णी येतो. मार्च २०२४, वानखेडे, रणजी फायनल, विदर्भासमोर मुंबई, आणि धवलची ही शेवटची मॅच. पहिल्या डावात मुंबई २२४ वर आटोपली होती, मग धवलने १५ रनमध्ये ३ घेतले आणि विदर्भ १०५ वर संपलं. म्हणजे तो सत्कारासाठी उतरला नव्हता, मॅच फिरवण्यात त्याचा हात होता. शेवटच्या दिवशी विदर्भ ५३८ चा पाठलाग करत चिवट लढलं, आणि एक विकेट उरली तेव्हा कॅप्टन रहाणेने बॉल धवलच्या हातात दिला. उमेश यादव बोल्ड. मुंबईचा ४२ वा रणजी करंडक, आणि शेवटचा स्टंप उडवणारा माणूस तोच, ज्याने २००८-०९ ला पदार्पणाच्या सीझनमध्ये ढिगाने विकेट काढून मुंबईला करंडक मिळवून दिला होता. रहाणेने तेव्हा एक बॉल पुढे केला, बस. एका कॅप्टनला जे करता येतं ते एवढंच असतं आणि ते फार मोठं असतं.

आपल्या पातळीवर हे कसं करायचं? शेवटची मॅच घरच्या मैदानावरची निवडा, टॉसला त्याला घेऊन जा, त्याच्या पहिल्या सीझनचं स्कोअरबुक सापडलं तर त्या पानाची फोटोप्रत फ्रेम करून द्या. ती शाल-श्रीफळापेक्षा जास्त दिवस भिंतीवर राहते. हॉलमधला कार्यक्रम नाही केलात तरी चालेल. आणि भाषण नगरसेवकाचं नको, त्याच्याबरोबर पहिली मॅच खेळलेल्या माणसाचं हवं.

चाहत्यांचं थोडक्यात. जुन्यावर प्रेम आहे म्हणून नव्याची हुर्यो करू नका. ज्या वानखेडेने हार्दिकला एप्रिलमध्ये छळलं त्याच वानखेडेने ४ जुलै २०२४ ला, वर्ल्डकप घेऊन टीम आली तेव्हा, त्याच्या नावाचा गजर केला. तीन महिन्यांत एवढा फरक पडला, आणि मधल्या काळात त्या पोराने काय सोसलं असेल!

आणि घरच्यांना विसरू नका

हे मला अण्णांनी शिकवलं. त्या रविवारनंतर तीन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. ते म्हणाले, "वगळलंत त्याचं काही नाही रे, गुडघा माझाच आहे, मला कळत होतं. पण सकाळी बायकोने डबा करून दिला होता. साडेनऊला मी परत दारात. तिने विचारलं, पाऊस पडला का तिकडे? मी हो म्हटलं."

बाहेर कडक ऊन होतं त्या दिवशी.

तेव्हापासून आमच्याकडे सीझनमध्ये एखाद्या मॅचमधून वगळलेल्या खेळाडूला शुक्रवारी संध्याकाळी सातच्या आत कॅप्टन स्वतः फोन करतो, आणि तो फोन झाला असं सेक्रेटरींना कळल्याशिवाय टीम ग्रुपवर पडत नाही. अण्णा दर गुरुवारी येतात. आल्यावर आधी पोरांचे इनर तपासतात.